कपाटाची किल्ली कोणाकडे? मोठी कंपनी सोडून अंबडच्या शेडमध्ये गेलेल्या एका इंजिनिअरचं प्रकरण

नाशिकमध्ये मायको सर्कल नावाचा चौक आहे. कंपनीचं नाव २००८ साली बदलून बॉश झालं, पण रिक्षावाल्याला 'बॉश सर्कल' सांगून बघा, तो तुमच्याकडे बघत राहील. कंपनीचं नाव या गावात असं मुरतं. स्थळं बघताना 'मुलगा प्रेसमध्ये आहे' (म्हणजे नोटांच्या सरकारी छापखान्यात) किंवा 'ओझरला एचएएलमध्ये आहे' म्हटलं की पुढे कोणी काही विचारत नाही. 'अंबडला एका कंपनीत आहे' (अंबड आणि सातपूर या इथल्या औद्योगिक वसाहती) म्हटलं की विचारतात, "कोणत्या?"

हे प्रकरण या 'कोणत्या?'चं आहे. ज्या कंपनीतून तो निघाला आणि जिथे गेला, ती दोन्ही नावं मी देणार नाही. मी स्वतः तीस वर्षं पर्सोनेल खात्यात काढली. तो आमच्याच कॉलनीतला, मला काका म्हणतो. लिहायला त्याची परवानगी घेतली आहे. त्याची एक चूक वगळायची का, असंही विचारलं. "वगळू नका," म्हणाला.

माणूस आणि ऑफर

जून २०२३. वय अडतीस. डिप्लोमा करून लागला, नोकरी करता करता डिग्री पूर्ण केली. एप्रिल २०११ पासून सातपूरच्या एका नावाजलेल्या कंपनीत, तेव्हा डेप्युटी मॅनेजर, काम सप्लायर क्वालिटीचं. म्हणजे कंपनीला पार्ट पुरवणाऱ्या व्हेंडरांच्या शेडमध्ये जाऊन ऑडिट करायचं, रिजेक्शन वाढलं की त्यांना धारेवर धरायचं, नवीन पार्टची मंजुरी द्यायची. पाथर्डी फाट्याला फ्लॅट, हप्ता सव्वीस हजार. बायको खासगी शाळेत शिक्षिका, मुलगी सातवीत. वडील सत्तरीचे, २०२१ मध्ये अँजिओप्लास्टी झालेली.

कंपनीवर त्याचा राग नव्हता. "काका, माझ्या वरचा माणूस माझ्यापेक्षा दोनच वर्षांनी मोठा आहे," एवढंच म्हणाला. ज्याने मोठ्या कंपनीत नोकरी केली आहे त्याला या वाक्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

ऑफर आली ती अंबडच्या एका मशीनिंग युनिटमधून. चौऱ्याण्णव माणसं, अठरा सीएनसी, सहा व्हीएमसी (दोन्ही संगणकावर चालणारी कटिंगची मशीनं), दोन पॉवर प्रेस. शेठ त्रेसष्ट वर्षांचे, स्वतः लेथवर उभं राहून वर आलेले. मुलगा, त्याला सगळे भैया म्हणतात, पुण्याहून एमबीए करून आलेला. पद प्लँट हेडचं. आधी हाताखाली तीन माणसं होती, आता चौऱ्याण्णव. सीटीसी, म्हणजे कंपनीचा त्याच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च, साडेचौदा लाखांवरून एकोणीस. आणि एका रविवारी मिसळ खाता खाता शेठ बोलून गेले, "दोन टक्के शेअर पण करून टाकू तुमच्या नावावर."

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. हे युनिट त्याच्या कंपनीचं व्हेंडर होतं आणि तिथलं ऑडिट तोच करत होता.

साडेचार लाखांचे चार हजार

त्याने ऑफर लेटर माझ्यासमोर ठेवलं तेव्हा चेहरा एकोणीस लाखांचा होता. आम्ही वहीचं एक पान घेतलं.

एकोणीसमधले साडेतीन लाख व्हेरिएबल. कशावर? 'कंपनीच्या नफ्यानुसार.' कोणता नफा, करापूर्वीचा की नंतरचा, कोण ठरवणार, कधी देणार, काही लिहिलेलं नाही. ते बाजूला ठेवलं. राहिले साडेपंधरा, म्हणजे जुन्यापेक्षा एक लाख जास्त. जुन्या ठिकाणी ग्रुप मेडिक्लेममध्ये आई-वडील होते, नव्या ठिकाणी फक्त नवरा-बायको आणि मूल. हृदयाचा इतिहास असलेल्या सत्तरीच्या माणसाची आणि त्याच्या बायकोची पॉलिसी स्वतः घ्यायची तर त्याला वर्षाला अठ्ठेचाळीस हजारांचा कोट मिळाला. लाखातून ते गेले, बावन्न हजार उरले. महिन्याला साधारण चार हजार तीनशे, तेही कर भरायच्या आधी. कंपनीची बस आणि कँटीनचं जेवण मी धरलंच नाही.

पीएफची गंमत वेगळीच. जुनी कंपनी पूर्ण बेसिकवर बारा टक्के भरत होती. बेचाळीस हजार बेसिकवर पाच हजार चाळीस. नवं युनिट कायद्याच्या पंधरा हजारांच्या मर्यादेवर भरणार, म्हणजे अठराशे. बेकायदेशीर काही नाही, लहान युनिटमध्ये बहुतेक ठिकाणी हेच असतं. पण सीटीसी तोच ठेवून पीएफ कमी भरला की हातात येणारी रक्कम फुगते आणि माणूस खूश होतो. निवृत्तीचे पैसे आज खाल्ले, एवढंच झालेलं असतं.

येणं होतं ते असं. नोव्हेंबरअखेर निघाला तर नोकरी बारा वर्षं आठ महिने. सहा महिन्यांच्या वरचा काळ पूर्ण वर्ष धरतात, म्हणून ग्रॅच्युइटीला तेरा वर्षं. बेचाळीस हजार गुणिले पंधरा, भागिले सव्वीस, गुणिले तेरा: तीन लाख पंधरा हजार. पेन्शन स्कीमची दहा वर्षं होऊन गेलेली, त्यामुळे पीएफ काढायचा नाही, यूएएनवरून (पीएफच्या कायम क्रमांकावरून) ट्रान्सफर करायचा. हे मी बजावून सांगितलं, कारण नोकरी बदलताना पीएफ काढून गाडी घेणारी माणसं मी शेकड्यांनी पाहिली आहेत.

वडिलांच्या विम्याचं काम मात्र नोटीस पिरियडमध्येच उरकावं लागलं. ग्रुप पॉलिसीतून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं आणि आधी भरलेली वर्षं वेटिंग पिरियडमध्ये मोजली जातात. नोकरीच्या शेवटच्या दिवशी ग्रुप कव्हर संपतं, त्यानंतर ही आठवण येऊन उपयोग नाही. होम लोनचा टॉप-अप हवा असेल तोही आधीच घ्यायचा, कारण बँकांकडे कंपन्यांच्या याद्या असतात आणि अंबडची शेड त्या यादीत नसते.

शंभर रुपयांची चौकशी

शेठबद्दल गावात चांगलं बोलत होते. चांगलं बोलतात ते ठीक, पण प्रायव्हेट लिमिटेड कंपनीचा ताळेबंद सरकारच्या कंपनी कामकाज मंत्रालयाच्या संकेतस्थळावर शंभर रुपये भरून कोणालाही बघता येतो. कर्जापोटी बँकेकडे काय काय गहाण आहे तेही दिसतं. बँक कर्जाचं रेटिंग करून घेतलेलं असेल तर क्रिसिल, इक्रा, केअर या संस्थांचं टिपण फुकट वाचायला मिळतं. त्यात धंद्याची दुखणी चार ओळींत लिहिलेली असतात. नोकरी शोधणारे लोक हे का वाचत नाहीत, मला कळत नाही. फ्लॅट घेताना सातबारा बघतो, मग नोकरी घेताना ताळेबंद का नाही?

विक्री अडतीस कोटी, बँकेचं देणं नऊ कोटी, तीन वर्षं नफ्यात. ठीक. रेटिंगच्या टिपणात मात्र एक ओळ होती: विक्रीचा मोठा भाग दोनच ग्राहकांकडून येतो. त्यातला एक म्हणजे त्याची सध्याची कंपनी. म्हणजे नोकरी सोडली तरी पोट तिच्यावरच. तिथे मंदी आली तर सातपूरचा माणूस ब्लॉक क्लोजरला (कंपनी काही दिवस उत्पादन बंद ठेवते तेव्हा) घरी बसतो आणि पगार घेतो. अंबडच्या शेडमध्ये ऑर्डरच थांबते.

आणखी एक चौकशी मी त्याला गेटबाहेरच्या चहावाल्याकडे करायला लावली. पगार कधी होतो? हजारापेक्षा कमी कामगार असले तर सात तारखेच्या आत पगार द्यायचा, असा तेव्हाचा कायदा. चहावाला म्हणाला, "सातला होतो, पण दोन वेळा दहा झाली होती, तेव्हा शेठनी येऊन सांगितलं होतं." मला हे उत्तर आवडलं. दहा तारीख होणं हा धंद्याचा भाग आहे. येऊन सांगणं हा माणसाचा.

चूक

आता तो वगळू नका म्हणाला ते.

शेठनी तोंडी विचारलं त्या दिवसापासून त्याने त्या व्हेंडरच्या फायलीला हात लावायला नको होता. त्याने तीन आठवडे लावला. त्या तीन आठवड्यांत त्या युनिटच्या एका हाउसिंगच्या (बाहेरच्या कवचासारख्या पार्टच्या) पीपॅपवर, म्हणजे नव्या पार्टच्या मंजुरीच्या कागदांवर, सही केली. पार्ट खरोखर चांगला होता, कागद पूर्ण होते, दुसऱ्या कोणीही सही केली असती. मी म्हटलं, "सही तुझी आहे आणि ऑफरही तुझ्या खिशात आहे. दोन वर्षांनी कोणी तारखा जुळवल्या तर पार्ट चांगला होता हे कोण ऐकणार?"

तो रात्रभर झोपला नाही. दुसऱ्या दिवशी साहेबांकडे जाऊन सगळं सांगितलं. ते व्हेंडर दुसऱ्याकडे सोपवा आणि त्या पीपॅपची पुन्हा तपासणी करा, असं स्वतःच म्हणाला. साहेब चिडले. चिडणारच. पण पुढे नेमणूकपत्रातलं एक वर्षाचं कलम पुढे करून त्याला अडवायची वेळ आली तेव्हा त्यांनी ते लावून धरलं नाही. ग्राहकाकडे किंवा पुरवठादाराकडे नोकरी करायची नाही, असं ते कलम. नोकरी संपल्यानंतर असं बंधन घालणारा करार १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २७ प्रमाणे टिकत नाही, हे खरं. ड्रॉइंग, दर, ऑडिटचे रिपोर्ट यांची गोपनीयता मात्र टिकते. पण कोर्टात काय टिकेल यावर सातपूर-अंबडमध्ये कोणाचं करिअर चालत नाही. इथे सगळे सगळ्यांना ओळखतात आणि रिलीव्हिंग लेटर हसतमुखाने मिळणं महत्त्वाचं. नोटीस तीन महिन्यांची होती. शेठना तो एका महिन्यात हवा होता, "बायआउट मी भरतो" म्हणाले. त्याने पूर्ण नोटीस भरली.

शेठ नक्की काय विकत घेत होते, हा प्रश्न मला सुरुवातीपासून छळत होता. मी त्याला विचारलं, "तू सातपूरच्या या कंपनीतला नसतास, नगरच्या एखाद्या चांगल्या कारखान्यातून आला असतास, तर शेठनी एकोणीस दिले असते?" तो गप्प. शेठ त्याचा फोन विकत घेत होते. तिकडे कोणाला फोन करायचा, काय बोलायचं, कोणती तक्रार कोणाच्या टेबलावर अडते, ते. ही चीज नाशवंत असते. माणसं बदलतात, टेबलं बदलतात. सहा महिने, फार तर वर्ष.

"म्हणून तोवर तुझ्या हातात दुसरं काही आलं पाहिजे," मी म्हटलं. "किती रुपयांपर्यंत न विचारता सही करता येईल, ते लेटरवर लिहून घे."

त्याने विचारलं, पण तोंडी आणि तेही असं: "शेठ, अधिकार पूर्ण असतील ना?" शेठ म्हणाले, "सगळं तुमचंच आहे साहेब." तो समाधानाने घरी आला.

सही करण्याआधी

एक कागद मात्र त्याने लगेच सही केला नाही, ते बरं झालं. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात, डिसेंबर २०२३ मध्ये, भैयाने फॅक्टरी मॅनेजर म्हणून त्याचं नाव कळवायचे फॉर्म पुढे केले. प्लँट हेड हे व्हिजिटिंग कार्डावरचं पद. फॅक्टरी मॅनेजर हे १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टमधलं. अपघात झाला, नियम मोडला, तर ऑक्युपायर (कारखान्याचा अंतिम ताबा असलेला, म्हणजे मालक) आणि मॅनेजर दोघेही दोषी, कलम ९२ प्रमाणे दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. (नोव्हेंबर २०२५ पासून नवे लेबर कोड लागू झाले, तरी प्रश्न तोच राहतो: कायद्याच्या कागदावर नाव कोणाचं?) मोठ्या कंपनीत हे नाव त्याच्या चार पायऱ्या वरच्या कोणाचं तरी असायचं. ते कोणाचं आहे हे त्याला कधी माहीतही नव्हतं.

तो फॉर्म घेऊन शेडमध्ये प्रेसपाशी गेला. दोन हातांनी दोन बटणं दाबल्याशिवाय प्रेस खाली येत नाही, अशी सोय असते, म्हणजे हात डायखाली राहत नाही. इथे एका बटणात आगपेटीची काडी खोचून वरून टेप लावलेली. ऑपरेटर एका हाताने बटण दाबत होता, दुसऱ्या हाताने जॉब सरकवत होता. काम झपाझप चाललेलं. आणि टेप मळून काळी पडलेली, म्हणजे कालपरवाची नव्हे.

त्याने शेठना सांगितलं, दोन्ही प्रेसना गार्ड आणि लाइट कर्टन (हात आडवा आला की प्रेस थांबवणारा प्रकाशाचा पडदा) बसेल त्या दिवशी सही करतो. शेठ म्हणाले, बारा वर्षांत काही झालं नाही. तो म्हणाला, मग माझं नाव तेराव्या वर्षाला घालू. सात आठवडे लागले, पण बसलं.

इन्सर्ट

फेब्रुवारी २०२४, गुरुवारची थर्ड शिफ्ट. रात्री एक वाजून वीस मिनिटांनी सेटरचा, म्हणजे मशीन लावून देणाऱ्याचा, फोन. हाउसिंगच्या बोअरिंगचे (आतलं भोक कातायचे) इन्सर्ट, म्हणजे कापणारी बदलायची टोकं, संपले, मशीनवरचे घासलेत, नवीन कपाटात आहेत, कपाटाला कुलूप आहे. किल्ली काकूंकडे. काकू म्हणजे शेठच्या पत्नी, स्टोअर आणि खरेदी त्या बघतात, पूजा आटोपून साडेदहाला येतात.

कुलूप वेडेपणाचं नव्हतं. कार्बाइडचे वापरलेले इन्सर्टसुद्धा भंगारात किलोवर चांगल्या भावाने जातात आणि पूर्वी एकदा तिथून डबेच्या डबे गेले होते. पण थर्ड शिफ्ट ही गोष्ट त्या कुलपाच्या हिशेबात नव्हती.

"काकूंना एवढ्या रात्री फोन करायचा का?" सेटरने विचारलं. चौऱ्याण्णव माणसांचा प्लँट हेड अंधारात पलंगावर बसून विचार करत होता की शेठच्या बायकोला रात्री दीडला उठवणं बरं दिसेल का. शेवटी म्हणाला, "सकाळपर्यंत चालवा, फीड कमी करा."

बोअर दोनशे बारा जॉबमध्ये लहान झाला. त्यातले बरेच सकाळच्या गाडीने सातपूरला गेले होते. दुपारी तिथून फोन आला, त्याच्याच हाताखाली तयार झालेल्या पोराचा. आवाजात तोच आदर. "सर, कसे आहात? सर, एक लाख चौऱ्याऐंशी हजारांची डेबिट नोट पाठवतोय, बघून घ्या." म्हणजे तेवढी रक्कम बिलातून कापणार. त्याने म्हणून पाहिलं, अरे थोडं सेग्रिगेशन करून, चांगले-वाईट वेगळे करून बघू. पोरगा म्हणाला, "सर, तुम्हीच शिकवलंय, आधी डेबिट, मग चर्चा."

तो मला म्हणाला, "काका, तिकडे टूल क्रिबला, हत्यारांच्या स्टोअरला, चोवीस तास माणूस असायचा. इन्सर्ट मिळणं हा कोणीतरी घेतलेला निर्णय असतो, हे मला कधी दिसलंच नव्हतं." या सगळ्या प्रकरणातलं मला हे वाक्य सगळ्यात मोलाचं वाटतं. मोठ्या कंपनीत बारा वर्षं तो उत्तम काम करत होता यात शंका नाही. पण त्या उत्तम कामातलं निम्मं काम टूल क्रिब, कॅलिब्रेशन रूम, परचेस, कायदा खातं असे लोक करत होते, ज्यांची नावंही त्याला सांगता आली नसती. तो निघाला तेव्हा ते लोक सातपूरलाच राहिले.

पाकीट

पुढच्या शनिवारी, सुट्टीच्या दिवशी, तो शेठच्या बंगल्यावर गेला. सोबत एक पान. न विचारता पन्नास हजारांपर्यंत खरेदी. डिस्पॅच थांबवायचा अधिकार. थर्ड शिफ्टसाठी चाळीस इन्सर्टचा वेगळा डबा, जुना जमा केल्याशिवाय नवा नाही, रोज सकाळी काकूंनी मोजून घ्यायचा.

शेठनी पान दोनदा वाचलं. "खुर्ची दिली, आता पाकीट पण पाहिजे?"

तो म्हणाला, "खुर्चीवर बसून परवा एक लाख चौऱ्याऐंशी हजार घालवले, शेठ. पाकीट असतं तर चार हजारांचे इन्सर्ट गेले असते."

हे उत्तर त्याला आयत्या वेळी सुचलं की घरून पाठ करून गेला होता, हे त्याने मला अजून सांगितलेलं नाही. शेठनी पन्नास खोडून पंचवीस केलं आणि सही केली. डब्याची कल्पना काकूंना शेठपेक्षा जास्त आवडली. सकाळी मोजायचं काम त्यांनी आनंदाने घेतलं, आणि पहिल्याच महिन्यात दोन इन्सर्टचा फरक काढून दाखवला.

माझ्या मते हे पान नोव्हेंबरमध्ये, रुजू होण्याआधी सही व्हायला हवं होतं, तेव्हा पन्नासही मिळाले असते. गरज शेठना होती तेव्हा तो बिनशर्त गेला, आणि गरज त्याला पडली तेव्हा अर्ध्यावर तडजोड झाली. त्याची बायको याच्या उलट म्हणते. तिचं म्हणणं, ते पान आधी पुढे केलं असतं तर शेठनी ऑफरच मागे घेतली असती, कारण तेव्हा डेबिट नोट झालेली नव्हती. तिचंही खोटं नाही.

आज

पहिल्या वर्षी व्हेरिएबलचे साडेतीनपैकी एक लाख चाळीस हजार मिळाले, दुसऱ्या वर्षी तीन लाख दहा. सिन्नरचा एक तिसरा ग्राहक जोडला गेला. तो पूर्णपणे त्याने स्वतः आणला, जुन्या ओळखीवर नव्हे. प्रेसवर टेप दिसत नाही. वडिलांची तब्येत ठीक आहे.

२०२५ मध्ये सातपूरच्या कंपनीत त्याच्या वरच्या साहेबांची पुण्याला बदली झाली. ज्या खुर्चीची त्याने दहा वर्षं वाट पाहावी लागेल असा हिशेब केला होता, ती दोन वर्षांच्या आत रिकामी झाली. तिथे आता डेबिट नोट पाठवणारा तो पोरगा बसतो. बातमी कळली त्या संध्याकाळी हा माझ्याकडे येऊन अर्धा तास बसला, चहा प्यायला, आणि त्या विषयावर एक शब्द न बोलता गेला.

दोन टक्के शेअरचं मात्र काही झालेलं नाही. प्रायव्हेट कंपनीचा शेअर बाजारात विकता येत नाही. तो परत कोण घेणार, कोणत्या भावाने, नोकरी सोडली तर काय, हे करारात नसेल तर ते दोन टक्के भिंतीवर टांगायचे. आणि डायरेक्टर केलं तर बँक वैयक्तिक हमी मागू शकते, हेही मी त्याला सांगून ठेवलं आहे. त्याने मसुदा करून घेतला, सीएला दाखवला, भैयाच्या टेबलावर ठेवला. भैया म्हणतो, पप्पांना विचारतो. शेठ म्हणतात, दिवाळीनंतर बसू.

दोन दिवाळ्या झाल्या.